भिंतीला कान आहेत, तोंडाचं काय?

टीव्ही जाड होता तोवर मराठी घरात त्याच्या डोक्यावर बरंच काही मावायचं. क्रोशाचा रुमाल, रुमालावर पितळी गणपती, गणपतीशेजारी महाबळेश्वरहून आणलेली लाकडी बैलगाडी आणि तिच्या चाकाखाली दाबून ठेवलेलं लाइटचं बिल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांच्याकडे क्राउन, वेस्टन किंवा डायनोरा आला त्यांना आठवत असेल, संचाला सरकतं लाकडी शटर असायचं, शटरला कुलूप असायचं आणि किल्ली आजोबांच्या कनवटीला असायची. पडद्याच्या बाजूला, आपल्याकडे तोंड करून, जाळीआड एक स्पीकर बसवलेला असे. एकच. बातम्या, कीर्तन, क्रिकेट, नाट्यगीत, सगळं तोच गडी एकट्याने निभावायचा. आणि बोललेलं कळायचं.

मग टीव्ही बारीक होत गेला. आता तो भिंतीला लागलाय आणि त्याच्या डोक्यावर गणपती सोडा, धूळसुद्धा अंग चोरून बसते. पडद्याभोवती बोटभर चौकट उरलेली नाही. अशा देहात स्पीकर ठेवायचा कुठे? तो खाली नाहीतर मागे ढकलला गेला. म्हणजे निवेदिका बघते आपल्याकडे आणि बोलते फरशीशी. काही संचांत ती भिंतीशी बोलते. भिंतीला कान असतात हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे, तेव्हा भिंतीला सगळं नीट ऐकू जात असणार. सोफ्यावर पोचतं ते भिंतीने ऐकून परत सांगितलेलं, आणि सांगोवांगीत शब्द गळायचेच.

'काय म्हणाला?' हा प्रश्न त्यामुळे घरोघर सुरू झालाय. सुरुवातीला ज्याचे केस पांढरे, त्याच्या कानांवर संशय जातो. तो बिचारा जाऊन कान साफ करून येतो. मग कॉलेजातला मुलगाही 'काय म्हणाली ती?' विचारायला लागतो आणि संशय टीव्हीकडे वळतो. मराठी वेब सीरिज इंग्रजी सबटायटल लावून पाहणारं आमचं पहिलंच मराठी घर नसावं. आमच्या आईचं इंग्रजी चौथ्या बुकापर्यंतचं, पण आता ती पडद्याखाली अक्षरं आली की आधीच सांगते, "आता भीतीचं संगीत येणार."

त्यात सिनेमाचा हिशेब निराळा. सिनेमात संवादांना स्वतंत्र वाट दिलेली असते, पडद्याच्या बरोबर मधल्या स्पीकरची. संगीत, पाऊस, गोळीबार, घोडे यांच्या वाटा डावीकडून, उजवीकडून आणि मागून. टीव्हीतल्या दोन चिमुकल्या स्पीकरांत या साऱ्या वाटा एकत्र कोंबल्या की पहिला बळी संवादाचा. नायिका कुजबुजली की आवाज वाढवायचा, दार आपटलं की धावपळ करून कमी करायचा. सिनेमा बाकीचे बघतात, रिमोट ज्याच्या हातात त्याला ड्यूटी असते.

म्हणून घरात कधीतरी ठराव होतो, स्पीकर घ्यायचे. ठरावाला विरोध नसतो. उपसूचना असते.

"अहो, घ्या की. पण दिसायला नकोत," बायको म्हणते.

"ऐकू आलेले चालतील ना?"

"कमी दिसतील तेवढे जास्त ऐकू येऊ देत."

विनोद म्हणून हे ठीक, पण इथे पदार्थविज्ञान आडवं येतं. प्रकाशाला जाडी लागत नाही, म्हणून चित्र कितीही चपटं होऊ शकतं. आवाज म्हणजे ढकललेली हवा. कॉइल आणि कागदी शंकूचा स्पीकर जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली जगापुढे मांडला. त्यानंतर टीव्ही जन्मला, रंगीत झाला, त्याची काचेची नळी गेली, आणि स्पीकर मात्र शंभर वर्षं तेच करतोय: शंकू पुढेमागे हलवायचा आणि हवा ढकलायची. किणकिणाटाला थोडी हवा पुरते, खर्जाला पुष्कळ लागते. आठ इंची शंकूचं क्षेत्रफळ तीन इंचीच्या सातपट भरतं. एका आठ इंची गड्याचं काम करायला तीन इंची सात पोरं लावावी लागतात, आणि ती गड्याइतकी लांब पुढेमागे हलूही शकत नाहीत.

जे. अँटन हॉफमन हे अमेरिकेतले ध्वनितज्ज्ञ, विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांच्या नावाने एक 'लोखंडी नियम' सांगितला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या कोणत्याही दोनच गोष्टी मिळतील. तिसरी सोडायची. हॉफमन पुण्यात राहिले असते तर 'स्वस्त' ही चौथी अटही त्यांच्या कानावर गेली असती आणि नियम लोखंडाचा राहिला नसता, वितळला असता.

माझी सासुरवाडी सांगली. तिथे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, कारण शेजारी मिरज आहे. मिरजेचा तंबोरा पाहा. तार किती बारीक, आणि तिच्याखाली पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा केवढा थोरला भोपळा! 'आमच्या शोकेसमध्ये मावत नाही हो, भोपळा तेवढा चपटा करून द्या' असं कोणी म्हणालं तर मिरजेचा कारागीर त्याला चहा पाजून परत पाठवेल. २०२४ मध्ये तिथल्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते भोपळ्यासकट मिळालं.

चपटे स्पीकर मुळात नसतातच असं नाही. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली पातळ पडद्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विकायला काढला. दर्दी मंडळी आजही त्याचं नाव कान पकडून घेतात. पण पातळ म्हणजे लहान नव्हे. हवा तर ढकलायचीच आहे, ती खोलीने नाही तर लांबी-रुंदीने ढकलायची, म्हणून तो चांगला ऐसपैस होता. शिवाय तो पुढे वाजतो तितकाच मागेही वाजतो, त्यामुळे भिंतीपासून दूर, खोलीत पुढे उभा करावा लागतो. दोन बीएचकेत 'खोलीत पुढे' म्हणजे स्वयंपाकघरात.

आता दुकानांत मिळतात ते भिंतीवर टांगायचे, तीन-चार इंच खोलीचे, उभे, सडपातळ. आत छोटे शंकू एका ओळीत. कल्पना वाईट नाही. पाठीला भिंत असली की खर्जाला थोडा आधार मिळतो, आणि चांगले कारखाने तो धरूनच हिशेब करतात. टीव्ही ब्रॅकेटसकट भिंतीपासून साधारण तीन इंच पुढे येतो, स्पीकरही तेवढाच पुढे आला की तोंडाला तोंड लागतं आणि घरच्यांच्या डोळ्यांना ते 'टीव्हीबरोबरच आलेलं' वाटतं. फक्त एक सांगतो, पाठीला भोक असलेला साधा बुकशेल्फ स्पीकर स्वस्त मिळाला म्हणून तिथे टांगू नका. भोकाला भिंत लागली की तो बोलणं सोडतो आणि घुमायला लागतो.

मोजमाप घ्यायला माझा मेहुणा आला. मेहुणा या नात्याला आपल्याकडे उपजत तांत्रिक ज्ञान असतं. टेप त्याने स्वतःची आणली होती.

"दाजी, टीव्ही किती?"

"पंचावन्न."

"तो तिरका. सरळ बोला."

सरळ म्हणजे १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट उंच. चार फूट बाय सव्वादोन. भिंत दहा फुटी. सोफा आठ फुटांवर. शास्त्र असं की ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून डावा स्पीकर तीस अंशांवर आणि उजवा तीस अंशांवर हवा. आठ फुटांवरून तीस-तीस अंश म्हणजे दोन स्पीकरांत सव्वानऊ फुटांचं अंतर. मेहुण्याने भिंतीवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. डावी फुली बाल्कनीच्या सरकत्या दारावर पडली, उजवी बेडरूमच्या चौकटीवर. ही आमच्याच बिल्डरची करामत आहे असं समजू नका. हॉलच्या प्रत्येक भिंतीला दार पाडायचंच अशी शपथ बिल्डर लोक घेतात आणि मग सगळी बिऱ्हाडं उरलेल्या भिंतीच्या तुकड्यावर टीव्ही, घड्याळ, कॅलेंडर आणि लग्नाचा फोटो लावून दाटीवाटीने राहतात. सुदैवाने सिनेमासाठी बावीस अंशही चालतात, खुद्द डॉल्बीवाले बावीस ते तीस म्हणतात. बावीसने अंतर साडेसहा फुटांवर आलं. म्हणजे टीव्हीच्या दोन्ही कडांपासून सव्वा-सव्वा फूट. दारं वाचली.

डॉल्बी हा शब्द आईने ऐकला आणि ती आतून बाहेर आली.

"घरात डॉल्बी लावायचा नाही. सांगून ठेवते."

तिचा दोष नाही. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर जी स्पीकरांची भिंत जाते तिला डॉल्बी म्हणतात, आणि तिच्यासमोर उभं राहिलं की काळीज जागेवर आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. रे डॉल्बी यांनी १९६५ साली प्रयोगशाळा काढली आणि पहिलं नाव कमावलं ते कशासाठी, तर टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. माणसाने जन्मभर गोंगाट कमी करायचा आणि त्याचं नाव ट्रॅक्टरवर चढावं, ही गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, "तो करत असेल कमी. तुम्ही वाढवाल."

पुढची पायरी कागदी. खरे स्पीकर आणण्याआधी त्यांच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून भिंतीला चिकटवावेत, ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. दिसतं कसं, दार उघडताना आपटतं का, केरसुणी कुठे अडते, सगळं फुकटात कळतं. आमच्याकडे डाव्या स्पीकरवर शब्दकोडं आलं होतं. ते आईने उभ्याने सोडवलं. उजव्यावर स्थळांच्या जाहिराती आल्या आणि त्यापुढे मेहुण्याची चांगलीच चौकशी झाली.

घोडं अडलं मधल्या स्पीकरपाशी. 'काय म्हणाला?' या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे, तोच हा. त्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला हवं, म्हणजे जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर. पण आपल्याकडे टीव्ही लावतात जेवणाच्या टेबलावरूनही दिसावा म्हणून, मधल्या माणसांच्या डोक्यांवरून. त्यामुळे टीव्हीची खालची कडच चार फुटांवर असते. मधला स्पीकर वर लावला तर संवाद छताकडून येतात आणि प्रत्येक पात्र आकाशवाणी करतं. खाली लावला तर बरं, पण खाली सेट-टॉप बॉक्स, त्याचा अडाप्टर, राउटर आणि त्या राउटरचे दोन कान. तरी खालीच लावावा आणि तोंड थोडं वर करावं. आडवा, मधे बारीक आणि दोन्हीकडे मोठे शंकू असा असेल तर आणखी एक गंमत होते. बाजूला बसणाऱ्याला दोन मोठ्या शंकूंचा आवाज किंचित मागेपुढे पोचतो, आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मधोमध बसलेल्याला सगळं स्वच्छ. मधोमध बसतो खर्च करणारा. कडेच्या खुर्चीत आई. आणि प्रश्न पुन्हा तोच.

खर्जाची पेटी, म्हणजे सबवूफर, ही मात्र घरात सगळ्यांची लाडकी निघते, कारण ती लपवता येते. साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानांना नीट कळत नाही. त्या आवाजाची एक लाट चार मीटरहून लांब असते, आपल्या दोन कानांतलं अंतर वीतभर. म्हणून पेटी सोफ्यामागे ठेवा, पडद्याआड ठेवा, कोणाला पत्ता लागत नाही. मात्र भिंतीवरचे स्पीकर फारच सडपातळ घेतले की ते ऐंशीपर्यंत उतरत नाहीत, दीडशे-दोनशेवरच हात टेकतात. मग उरलेलं काम पेटीवर येतं, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया नेमका त्याच पट्ट्यात असतो. नायक पडद्यावर संवाद म्हणतो आणि त्याची छाती सोफ्यामागून बोलते. सडपातळपणाची खरी किंमत ही. दुकानात ती सांगत नाहीत, कारण दुकानात पेटी टीव्हीखालीच ठेवलेली असते.

पेटीची जागा ठरवायची एक मान्यताप्राप्त रीत आहे. पेटी आपण बसतो तिथे, सोफ्यावर ठेवायची, त्यावर खर्जाचं काहीतरी लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज भरीव आणि सारखा ऐकू येईल ती पेटीची जागा. यामागे शास्त्र आहे. पाच मीटर लांबीच्या खोलीत चौतीस हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींत अडकून बसतो, काही जागी फुगतो, काही जागी नाहीसाच होतो. पण पन्नाशीचा गृहस्थ सोफ्यावर एक पेटी बसवून तिच्याभोवती रांगत असताना दाराची बेल वाजते आणि सोसायटीचे सेक्रेटरी आत येतात, तेव्हा पाच मीटर आणि चौतीस हर्ट्झ सांगून काही उपयोग होत नाही. सेक्रेटरी फक्त एवढंच म्हणाले, "खालच्या काकांनी पाठवलंय."

खालच्या काकांचं चुकत नाही. खर्ज भिंती मानत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल एवढीच मर्यादा सांगतात. पेटीखाली जाड रबराचे पाय लावावेत आणि रात्री दहानंतर तिची वायरच काढावी. स्वयंपाकघरातली ताटंही शांत झोपतात.

मागच्या दोन स्पीकरांबद्दल माझं मत ऐकाल तर ते घेऊ नका. ते ऐकणाऱ्याच्या किंचित मागे, एकशेदहा अंशांवर हवेत. आपला सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, मागे ठेवायला मागंच नाही. आणि मागचे आवाज आपल्याकडे कमी आहेत का? उजवीकडून कुकरच्या शिट्ट्या, डावीकडून लिफ्टबाईचं 'कृपया दरवाजा बंद करा', आणि मधूनच मिक्सर. डोक्यावरून आवाज आणणारं डॉल्बी ॲटमॉस चित्रपटगृहांत २०१२ साली आलं. आमच्या वरच्या मजल्यावर ते आधीपासून आहे. रात्री साडेअकराला ते कपाट सरकवतात, आणि कपाट कुठून कुठे गेलं हे आम्ही अचूक सांगू शकतो.

इंटिरिअरवाल्या मॅडमचं म्हणणं होतं की एवढा घोळ कशाला, टीव्हीमागे भिंतभर उभ्या पट्ट्यांचं पॅनेल करू आणि स्पीकर पॅनेलच्या मागे घालू. दिसायला छानच. पण लाकडामागे स्पीकर घालायचा तर मूळ टीव्हीने काय वाईट केलं होतं? झाकायचंच असेल तर आवाज पार होईल अशा विरळ विणीच्या कापडाने झाका. जुन्या रेडिओला असायचं तसलं कापड. फुंकर मारली की पलीकडे लागली पाहिजे, एवढी परीक्षा पुरे.

इलेक्ट्रिशियनदादांची अडचण वेगळी. नव्या इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या ठोकळ्यांच्या. साधा प्लास्टिकचा प्लग त्यात फिरत राहतो, त्यासाठी वेगळा प्लग मागून घ्यावा लागतो. आणि जिथे सिपोरेक्स नाही तिथे नेमका कॉलम असतो. उजव्या फुलीवर ड्रिल ओरडायला लागलं तेव्हा दादांनी ते खाली ठेवलं. "साहेब, आत लोखंड आहे. स्पीकर वीतभर इकडे घ्या." शास्त्राचे बावीस अंश मग उजवीकडे सतरा-अठरा झाले. आजतागायत कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

तुम्हाला फक्त 'काय म्हणाला' एवढंच कळायला हवं असेल, तर टीव्हीखाली मधल्या स्पीकरची वेगळी सोय असलेला साउंडबार लावा आणि हा विषय बंद करा. दर्दी लोक त्याला नाकं मुरडतात, मुरडू द्या. एका वायरीत काम होतं आणि आईच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचतो. सिनेमा अंगावर यायला हवा असेल तर समोरचे तीन स्पीकर आणि एक पेटी घ्या, पण सडपातळपणाला कुठेतरी मर्यादा घाला. निदान चार इंची शंकू मागा आणि बायकोला दोन बोटं जाडी सहन करायची विनंती करा. विनंती सणासुदीला केलेली बरी.

आणि ज्यांचं घर अजून व्हायचंय त्यांनी रंगकामाच्या आधी, टीव्हीचा ब्रॅकेट ठोकायच्याही आधी, टीव्हीच्या जागेपासून दोन्ही स्पीकरांपर्यंत, खालच्या कपाटापर्यंत आणि सोफ्यामागेपर्यंत भिंतीत पाइप टाकून घ्यावेत. पाऊण इंची नकोत, एचडीएमआयचं डोकं त्यातून जात नाही. दीड इंची घ्या, कोपऱ्याला काटकोन न देता मोठा बाक द्या, लाइटच्या वायरी त्यात घालू देऊ नका आणि प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. गवंडी प्लास्टर करायला येईल त्या दिवशी मात्र रजा टाकून घरी थांबा, नाहीतर दोरीची दोन्ही टोकं तो प्लास्टरखाली बुजवून जाईल.